पासष्ट मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे

सप्टेंबरातली रात्र. मराठवाड्यातल्या एखाद्या महसूल मंडळात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सकाळी सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं असतं आणि मंडळातल्या हवामान केंद्राचा चोवीस तासांचा आकडा बाहेर येतो. तो ६५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कागदावर ‘अतिवृष्टी’ झाली. मग पंचनामे होतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर ठरलं तर मदत मिळते. आकडा ६२ असेल तर चिखल तोच असतो, कुजणाऱ्या शेंगाही त्याच असतात, पण अतिवृष्टी मात्र झालेली नसते. केंद्र एका गावात आणि शेत दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात असेल, तर भांडण आणखी वाढतं.

ही ६५ ची रेघ हवेतून आलेली नाही. हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘मुसळधार’. शास्त्रातली रेघ शासन निर्णयात उतरली की ती थेट शेतकऱ्याच्या बँक पासबुकापर्यंत पोचते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानायचं ठरवलं. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, ही त्यातली एक अट. एका रात्रीत न कोसळता आठवडाभर झिरपत राहून पीक सडवणारा पाऊस तोवर कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

असे रकाने योग्य आहेत का, बदलत्या हवामानात ते पुरतील का आणि बदलले तर काय होईल, हे मोजून सांगणाऱ्या माणसाच्या करिअरबद्दल हा लेख आहे. त्याला हवामान-धोरणावर काम करणारा वातावरणशास्त्रज्ञ म्हणता येईल. दहावी-बारावीतली मुलं, बीएस्सीला फिजिक्स घेऊन ‘पुढे काय’ म्हणणारे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी काही उपयोगी गोष्टी इथे मांडतो.

आधी एक शब्द सोडवून घेऊ

मराठीत एक अडचण आहे. उद्या पाऊस पडेल का, हेही ‘हवामान’ आणि तीस वर्षांची सरासरी काय, हेही ‘हवामान’च. हिंदीत निदान ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे एकाच शब्दाने दोन्ही कामं भागवली जातात, म्हणून चहाच्या टपरीवर हमखास प्रश्न येतो : ‘यांना उद्याचं सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार?’

या प्रश्नाला न चिडता उत्तर देता येणं ही या पेशाची पहिली परीक्षा आहे. आयुर्विमा कंपनीला तुमच्या मृत्यूची तारीख सांगता येत नाही. पण साठीच्या एक लाख माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील हे तिला नेमकं ठाऊक असतं, आणि त्यावरच तिचा धंदा चालतो. उद्याचा अंदाज एका माणसाच्या तारखेसारखा आहे, हवामान बदलाचा अभ्यास लाखाच्या तक्त्यासारखा. दोन्हीमागचं भौतिकशास्त्र एकच असलं तरी प्रश्न वेगळे आहेत.

या पेशातल्या माणसाकडे तीन प्रकारचे प्रश्न येतात. काय झालं? म्हणजे गेल्या शंभर वर्षांत पाऊस, तापमान, धूर यांत खरा बदल किती आणि नुसते चढउतार किती. का झालं? समुद्र तापला म्हणून, हवेतल्या धूलिकणांमुळे, जंगल गेलं म्हणून, की योगायोगाने. आणि असं केलं तर काय होईल? हा तिसरा प्रश्न मंत्रालयातून, महापालिकेतून, विमा कंपनीतून येतो. त्याचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांवर वर्षानुवर्षं झिजल्याशिवाय देता येत नाही. पर्यावरणाच्या चळवळीत काम करणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही कामं लागतात, पण वाटा निरनिराळ्या आहेत.

पुण्याचं माहेर

या विषयासाठी मराठी मुलांना फार लांब जावं लागत नाही. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. बसने जाताना नाव रोज कानावर पडतं, पण सिमला पुण्यात कुठून आलं हे कोणी विचारत नाही. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. सिमल्याला असलेलं त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि लोकांनी इमारतीला जुनंच नाव चिकटवलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग १९३२ मध्ये पुण्यातच सुरू झाला.

१९६२ मध्ये पुण्यात जी संस्था स्थापन झाली ती आज पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजेच आयआयटीएम. २०२४ पासून तिथे ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ हा महासंगणक आहे. ढगांच्या आत काय चालतं ते मोजणारी तिची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे. जगभरच्या हवामान प्रारूपांचे, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलांचे, निकाल एकत्र करून हवामान बदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा सहावा अहवाल तयार झाला, त्यात भारताचं म्हणून पहिल्यांदाच जे प्रारूप गेलं ते इथेच घडलं. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. मान्सूनचं अर्धं बिऱ्हाड समुद्रात असल्यामुळे या दोन्ही संस्था आपल्या विषयाच्याच.

शिक्षणाचा रस्ता

बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. गणिताशिवाय या क्षेत्रात खोलवर शिरता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यानंतर फिजिक्स, गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी करता येते, किंवा इंजिनिअरिंगची कोणतीही शाखा घेता येते. ‘हवामानशास्त्राची पदवी’ शोधत फिरण्यात वर्षं घालवू नका. पाया फिजिक्सचाच असतो. १९०४ मध्ये भारतीय हवामान विभागाची सूत्रं हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणितज्ञ होते, हवामानाचं शिक्षण त्यांच्या गाठीशी नव्हतं. मान्सूनचं भाकीत करण्यासाठी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहताना त्यांना प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. आज एल निनोची बातमी वाचताना आपण त्याच झोक्याबद्दल वाचत असतो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग जवळचा. आयसर पुण्यात पृथ्वी व हवामान विज्ञान शिकवलं जातं, आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचं केंद्र आहे. त्यापलीकडे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी दिल्ली, आयआयटी खरगपूर, कोचीन आणि आंध्र विद्यापीठ हे जुने, भक्कम पर्याय. आयआयटी आणि विज्ञान संस्थेतल्या एमएस्सीसाठी जॅम, एमटेकसाठी गेट आणि पीएचडीसाठी नेट या तीन परीक्षांची नावं लक्षात ठेवा. नेटमध्ये ‘पृथ्वी, वातावरण, समुद्र व ग्रहविज्ञान’ असा स्वतंत्र विषय आहे. त्यात भूगर्भशास्त्रही येतं, त्यामुळे फिजिक्सवाल्यांनी आधी अभ्यासक्रम नीट पाहावा.

आता घरातल्यांनी विचारलेल्या, किंवा मनात ठेवलेल्या प्रश्नाबद्दल. पदवीची तीन-चार वर्षं, एमएस्सीची दोन, पीएचडीची सुमारे पाच आणि बहुतेकदा त्यापुढे दोन-तीन वर्षं पोस्टडॉक. म्हणजे पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उजाडते. मधल्या काळात उपासमार होत नाही : नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं भत्ता. केंद्र सरकारी संस्थेत ‘बी’ श्रेणीच्या शास्त्रज्ञाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपये, त्यावर भत्ते. सॉफ्टवेअरमधला मित्र तोवर फ्लॅटचे हप्ते भरत असेल. ही तुलना दिवाळीला घरोघर होणारच. ती ऐकून घेण्याची तयारी असेल तरच या वाटेला लागा.

पीएचडी न करताही आत शिरता येतं. हवामान विभागातल्या ‘वैज्ञानिक सहायक’ पदासाठी कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा होते. जाहिरात दरवर्षी निघतेच असं नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. पण वेधशाळेत नोंदी घेण्यापासून अंदाज तयार करण्यापर्यंतचा जो अनुभव तिथे मिळतो, तो वर्गात मिळत नाही.

यंत्राजवळ जा

पहिल्या वर्षापासून करण्याजोगी एक गोष्ट म्हणजे मोजमाप कसं होतं ते डोळ्यांनी पाहणं. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, त्यामुळे पेपरातला ‘कालचा पाऊस’ बहुधा काल सकाळपर्यंतच्या चोवीस तासांचा असतो. पर्जन्यमापकाशेजारी झाड वाढलं तर पाऊस कमी मोजला जातो. तापमापकाच्या पेटीभोवती फरशी घातली तर गावाचं हवामान कागदावर तापू लागतं. हे ज्याला माहीत नाही तो शंभर वर्षांच्या आलेखातली उडी पाहून हवामान बदलाचा निष्कर्ष काढतो, आणि ती उडी निघते वेधशाळेची जागा बदलल्याची.

या बाबतीत ॲना मणी यांचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं. केरळात जन्मलेल्या ॲना मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान विभागात रुजू झाल्या. उपकरणं बाहेरून आणावी लागत, तो काळ. त्यांनी शंभरच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवण्याची सोय केली. पुढे देशभरातल्या सूर्यप्रकाशाच्या आणि वाऱ्याच्या मोजण्या पद्धतशीर गोळा करून ग्रंथरूपात आणल्या. सौर आणि पवनऊर्जेची धोरणं आखायची वेळ आली तेव्हा कुठे ऊन किती आणि वारा किती हे सांगायला त्यांच्या नोंदी तयार होत्या. धोरण हा शब्द न उच्चारता केलेलं हे धोरणाचं काम आहे.

घरबसल्या एक प्रयोग

हा विषय आपल्याला झेपेल का, हे तपासायला कोणताही क्लास नको. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या चौकटीत, मांडून सर्वांना खुला केला आहे. पायथॉन ही संगणकीय भाषा मोफत शिकता येते. ती जुजबी आली की आपल्या तालुक्यावरचा चौकोन घ्या आणि हे करून पाहा :

१. प्रत्येक वर्षी ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले दिवस मोजा आणि दशकवार मांडा.

२. आलेखात कल दिसतो का ते पाहा. मग सुरुवातीचं वर्ष बदला. १९०१ ऐवजी १९५१ घ्या, नंतर १९७२ च्या दुष्काळापासून सुरू करा. कल बदलतो? उलटतो?

३. तालुक्याच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवा आणि चौकोनाशी ताडा. तालुक्यात एकाच गावावर ढग फुटला असेल तर मापकात १२० मिलिमीटर दिसतील, चौकोनाच्या सरासरीत कदाचित ५०.

दुसरी पायरी झाली की सुरुवातीचं वर्ष सोयीने निवडून हवा तो निष्कर्ष काढता येतो, हे स्वतःच्या हातांनी कळतं. तिसरी पायरी झाली की लेखाच्या सुरुवातीचा शेतकरी कशावर भांडत होता ते उमगतं. चौकोनातले ६५ आणि मापकातले ६५ हे दोन वेगळे पासष्ट आहेत. हे करताना रात्रीचे दोन वाजले आणि लक्षातच आलं नाही, असं झालं तर पुढचे अर्ज खुशाल भरा. पहिल्याच फाईलला कंटाळा आला तर तेही लवकर कळलं, बरं झालं.

हाच प्रश्न मोठ्या पातळीवर विचारला की संशोधन होतं. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक बरसणाऱ्या आणि मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला मान्सूनचा एकूण पाऊस मात्र घटला. एकूण पाऊस कमी होऊनही पूर वाढतात, हे सरासरी पाहणाऱ्याला दिसत नाही, रोजचा आकडा पाहणाऱ्याला दिसतं.

टेबलाच्या पलीकडचा माणूस

आतापर्यंतचं सगळं शास्त्र झालं. धोरणाचं काम सुरू होतं ते समोर आयुक्त, सचिव किंवा तहसीलदार बसलेला असतो तेव्हा. त्याच्याकडे वीस मिनिटं असतात आणि त्याला एक आकडा हवा असतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. शहरातली पावसाळी गटारं ओहोटी धरून तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, तर कुलाब्याला पंचाहत्तरच्या आत. त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. नव्या रचनेसाठी तासाला ५० मिलिमीटरचा निकष धरला गेला, भरतीच्या वेळी पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं आली, महापालिकेने पावसाच्या स्वयंचलित केंद्रांचं जाळं उभारलं. यात दोन धडे आहेत. पहिला, गटाराला ‘दिवसाचा पाऊस’ कळत नाही. त्याला तासाचा, खरं तर पंधरा मिनिटांचा पाऊस लागतो. म्हणजे तुमच्याकडे कोणता आकडा आहे यापेक्षा समोरच्याच्या निर्णयाला कोणता आकडा लागतो, हे आधी विचारायचं. दुसरा, ५० हा आकडा आकाशाने दिलेला नाही. शंभर धरले तर पाइप मोठे, खोदकाम जास्त, खर्च अवाढव्य. किती धोका पत्करायचा आणि किती पैसे ओतायचे हे शहर ठरवतं. पन्नासच्या वर पाऊस वर्षातून किती तास पडतो आणि पुढे किती तास पडू शकेल, एवढं शास्त्रज्ञाने सांगायचं.

दुसरं उदाहरण कृत्रिम पावसाचं. महाराष्ट्रात दुष्काळ पडला की विमानं उडवण्याची मागणी होते. २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये ती उडलीही. आयआयटीएमने सोलापूर परिसरात काही हंगाम शास्त्रीय प्रयोग केले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : योग्य ढगांत योग्य वेळी बीजन, म्हणजे पाऊस पाडण्यासाठी कणांची फवारणी, केलं तर काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचं दिसलं. आता हे उत्तर दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘कृत्रिम पाऊस यशस्वी’ हा मथळा झाला. ‘ढग असतील तरच थोडा वाढवता येतो, आणि ज्या दिवसांत दुष्काळ सर्वांत टोकाला असतो त्याच दिवसांत असे ढग नसतात’ हे पूर्ण उत्तर झालं. दुसरं वाक्य मंत्र्याला आवडणार नाही. तरी ते पहिल्या मिनिटात म्हणावं लागतं, तळटीपेत ढकलून चालत नाही.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने याबाबत एक शिस्त घालून दिली आहे : अहवाल धोरणाला उपयोगी पडावा, पण धोरण कोणतं घ्या हे त्याने सांगू नये. तिथले लेखक मानधन न घेता वर्षानुवर्षं काम करतात, आणि धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशाची ओळ न् ओळ सरकारांच्या प्रतिनिधींसमोर मंजूर करून घ्यावी लागते. शब्दांनाही माप लावलेलं असतं. त्यांच्या भाषेत ‘संभाव्य’ म्हणजे निदान ६६ टक्के, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे निदान ९० टक्के.

आपल्याकडेही अशी मापं आहेत, फक्त लोकांना ती सांगितली जात नाहीत. अंदाजातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ऐकणारा शेतकरी मात्र ‘तुरळक’ म्हणजे हलका पाऊस असं समजतो आणि फवारणी करून मोकळा होतो. शब्द जागेबद्दल बोलतो, ऐकणारा जोराबद्दल ऐकतो. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठीत नेमकं बोलता आलं तर कृषी सहायकापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत अशा गफलती टाळता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हे आपलं भांडवल समजावं. दर महिन्याला एक शोधनिबंध वाचून त्याचा दोनशे शब्दांत मराठी सारांश लिहायचा आणि तो घरातल्या शास्त्र न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा, ही सवय आत्ताच लावता येते.

चुकण्याची तयारी

पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून मान्सूनचा अंदाज १६ घटकांच्या प्रारूपावरून दिला जाऊ लागला. वर्षानुवर्षं ते चाललं, घराघरात ‘गोवारीकर मॉडेल’ हे नाव झालं. २००२ मध्ये अंदाज सामान्य पावसाचा होता. जुलै कोरडा गेला आणि हंगाम सरासरीच्या ८१ टक्क्यांवर संपला. देशात दुष्काळ पडला. पुढच्याच वर्षी विभागाने अंदाजाची पद्धत बदलली.

ही हकिकत कोणाला कमी लेखायला सांगत नाही. जुन्या नात्यांवर उभं राहिलेलं प्रारूप नाती बदलली की घसरतं, हे त्यातून शिकायला मिळालं आणि त्यानंतर समुद्र व हवा एकत्र चालवणाऱ्या प्रारूपांकडे देश वळला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनची दिशाही तीच होती. हे काम करायचं तर सार्वजनिकरीत्या चुकायची तयारी लागते. चूक झाली की ती का झाली हे आपणच आधी मांडायचं, आणि अंदाज देतानाच त्याची खात्री किती हे सांगून ठेवायचं. ‘नक्की सांगा’ या आग्रहाला बळी पडून खोटी खात्री देणारा शास्त्रज्ञ एकदा लोकप्रिय होतो. दुसऱ्यांदा त्याला कोणी बोलावत नाही.

काम कुठे मिळतं

सरकारी संस्थांची नावं वर आलीच आहेत. नोएडाचं मध्यम मुदतीच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र आणि हैदराबादची समुद्र माहिती सेवा संस्था त्यात जोडा. दिल्लीत प्रदूषण वाढलं की बांधकामं थांबवण्याचे निर्णय होतात, ते आयआयटीएम आणि हवामान विभागाच्या हवा-गुणवत्ता अंदाजांच्या आधारे. तिथे वातावरणातलं रसायनशास्त्र जाणणाऱ्यांना काम आहे. दिल्लीतल्या सीईईडब्ल्यू, टेरी, सीएसई यांसारख्या संस्थांत शास्त्र आणि अर्थकारण यांच्या सीमेवरचं काम चालतं. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं. असे आराखडे करणाऱ्या शहरांना आकडे वाचणारी माणसं लागतात.

खासगी क्षेत्रात पवन आणि सौर प्रकल्पांना उद्या किती वीज तयार होईल हे वीजजाळ्याला आधी कळवावं लागतं, चुकलं तर दंड. पीक विम्याचे, विशेषतः हवामानावर आधारित फळपीक विम्याचे निकष ठरवायलाही असाच माणूस लागतो. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’अंतर्गत महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. त्यांचा डेटा तपासणं, त्यातल्या चुका धरणं, हेच पुढची काही वर्षं पुरेल इतकं काम आहे.

आणि न सुटलेले प्रश्न आहेतच. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की उष्णतेची लाट मानतात. मे महिन्यात रत्नागिरीत पारा ३५ असतो, घाम वाळत नाही आणि भातखाचरात राबणारी बाई चक्कर येऊन बसते. कागदावर लाट नसते. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला. तो कोरड्या उन्हाचा. कोकण आणि गोव्याच्या दमट उन्हाची रेघ कुठे ओढायची, हे कोणीतरी मोजून सांगायचं आहे.

कोणी येऊ नये

झटपट नाव हवं असेल, तर येऊ नका. कामाचा मोठा भाग खुर्चीत बसून डेटा साफ करण्यात जातो. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावरच्या, दोन-तीन वर्षांच्या करारावरच्या असतात. सरकारी शास्त्रज्ञाला सेवानियमांची चौकट पाळावी लागते, मनात येईल ते बोलता येत नाही. तुम्ही दिलेला आकडा अहवालात येतो आणि निर्णय त्याच्या उलट होतो, असंही घडतं. अशा वेळी राजीनामा आणि निमूट होकार यांच्या मधली एक वाट असते : आपला आकडा, त्याची खात्री आणि तारीख लेखी नोंदवून ठेवायची. पाच वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न येतो आणि कोणीतरी जुनी फाईल काढतं.

राहता राहिला आपला पासष्टचा आकडा. तो साठ करावा की सत्तर, हे विधिमंडळात आणि मंत्रालयात ठरेल. त्यात तिजोरीचा प्रश्न आहे आणि न्यायाचाही. पण साठ केला तर कोणत्या मंडळात वर्षाला किती दिवस जास्त मोजले जातील, पुढच्या तीस वर्षांत ते किती वाढतील, आणि मंडळात एकाऐवजी तीन मापकं बसवली तर किती गावांचा आकडा बदलेल, एवढी एक पानाची टिपणी त्या बैठकीआधी टेबलावर असायला हवी. ती लिहायला बारा वर्षांचं शिक्षण लागतं, आणि तिची सुरुवात आपल्या तालुक्याचा चौकोन उघडण्यापासून आज रात्रीही होऊ शकते.